पोटखराब म्हटलेली भूमी

सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला सपाट भूमी प्रथमदर्शनी रिकामीच वाटते. डोळा टेकवावा असा डोंगर नाही, चढ नाही, उतार नाही. मग पाहावयाचे काय? नोकरीच्या निमित्ताने गंगेच्या मैदानात, ओडिशाच्या किनाऱ्यावर किंवा बंगालच्या खोलगट भागात बदली होऊन गेलेल्या आमच्या वाचकांना हा अनुभव नवा नसेल. पहिली दोन वर्षे आपण त्या भूमीला नावे ठेवतो, तिसऱ्या वर्षी ती थोडीफार दिसू लागते, आणि पुरती कळण्याच्या आधीच पुढच्या बदलीचा हुकूम हाती पडतो. परंतु त्या पहिल्या दोन वर्षांतच आपण तिच्याविषयी कितीतरी कागद लिहून ठेवलेले असतात. त्या कागदांचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. तो आम्हांला सुचला मात्र एका परक्या देशातील दलदलीच्या प्रदेशात, सायकलीवर बसलो असता.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आम्ही इंग्लंडात केंब्रिज येथे भाच्याकडे काही आठवडे राहिलो होतो. निवृत्तीनंतरचे रिकामपण त्याच्या नजरेतून सुटले नसावे. एके दिवशी तो म्हणाला, "मामा, इथून थोडं पुढे सायकलीनं जायला एक छान वाट आहे. मोटारींचा त्रास नाही." आणि लगेच त्याने पुस्ती जोडली, "पण बघण्यासारखं काही नाही हं तिथे. सगळं सपाट!" हल्ली खडीच्या आणि मातीच्या वाटांसाठी मुद्दाम घडवलेली एक सायकल निघाली आहे. तिची मूठ शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वळलेली, पण टायर रुंद आणि खाचांचे असतात. तशी एक सायकल त्याने आम्हांला भाड्याने आणून दिली. कॉलेजात असताना वापरलेल्या काळ्या, उंच सायकलीची सवय असलेल्या आम्हांला पहिला मैलभर ती जुमानीना. पुढे मात्र तिचे आणि आमचे जमले.

केंब्रिजच्या पूर्वेस बॉटिशम नावाचे गाव आहे. तेथून उत्तरेकडे विकन फेन नावाच्या राखीव दलदलीपर्यंत आठ-नऊ मैलांची ही वाट जाते. तिचे नाव 'लोड्स वे'. 'लोड' म्हणजे माणसाने खणलेला कालवा. येथील काही लोड रोमन काळातील असावेत असे मानतात. 'फेन' म्हणजे गोड्या पाण्याची दलदल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 'वॉश' नावाचा एक उथळ उपसागर आत शिरला आहे. विदम, वेलंड, नेन आणि ग्रेट ऊझ या चार नद्या त्याला मिळतात. त्यांच्या खालच्या अंगाला सुमारे दीड हजार चौरस मैलांचा हा फेन-प्रदेश पसरला आहे. समुद्राजवळची पट्टी गाळाची आणि किंचित उंच आहे. तिच्या आतला भाग मात्र 'पीट'चा, म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजत राहिलेल्या बोरू-लव्हाळ्यांच्या काळ्या, सच्छिद्र मातीचा आहे. वाटेवर कोठे खडी, कोठे काँक्रीटच्या पट्ट्या, कोठे नुसतीच काळी माती होती. दोन्ही बाजूंना गहू आणि बीट यांची शेते क्षितिजापर्यंत गेलेली. तासाभरात आम्हांला दोन सायकलस्वार, कुत्रे घेऊन निघालेली एक वृद्धा आणि पुष्कळशा टिटव्या भेटल्या. मोटार एकही भेटली नाही.

महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा ठिकाणी निसर्गशोभेपेक्षा वहिवाटीची चौकशी अधिक सुचते. येथे मोटार का नाही? उत्तर तीन गोष्टींत सापडले. पहिली म्हणजे, या वाटा मुळात रस्ते नव्हतच. त्यांना 'ड्रोव्ह' म्हणतात. उन्हाळ्यात दलदल उघडी पडली म्हणजे गुरे चरावयास हाकून नेण्याच्या त्या वाटा होत. दुसरी, खालचे पीट ओले झाले की फुगते आणि वाळले की आक्रसते, त्यामुळे त्यावर बांधलेला पक्का रस्ता काही वर्षांतच लाटांसारखा वर-खाली होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: गावे सारी दलदलीच्या काठच्या किंचित उंच जमिनीवर वसली आहेत, मधल्या भागात वस्ती जवळजवळ नाही, आणि जेथे कोणी राहत नाही तेथून मोटारीने जाण्याचे कारणही कोणाला पडत नाही. म्हणजे ज्या शांततेसाठी शहरातले लोक येथे सायकली घेऊन येतात, ती शांतता काही निसर्गाने दिलेली नाही. हा प्रदेश कोणीतरी रिकामा केला आहे.

रीच नावाच्या गावाजवळ आम्ही थांबलो. आज ते एक लहानसे खेडे आहे. एके काळी ते बंदर होते. समुद्रातून ऊझ नदीत आणि नदीतून रीच लोडमध्ये शिरलेल्या होड्या येथे माल उतरवीत. राजा जॉनने १२०१ साली दिलेल्या सनदेनुसार भरणारी येथील जत्रा आजही भरते. लोडच्या बांधावर चढून आम्ही पाहिले, तेव्हा एक विपरीत गोष्ट ध्यानात आली. कालव्यातील पाणी आजूबाजूच्या शेतांहून उंचावर होते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून होडी जावी, इतकी शेते खाली गेली होती. पाटबंधारे खात्यातील आमच्या मित्रांना यात नवल वाटणार नाही, कारण पाट उंचावरूनच न्यावा लागतो. परंतु हा कालवा पाणी देण्यासाठी खणलेला नव्हता, आणि तो खणला तेव्हा शेते खाली नव्हती. ती नंतर खाली गेली. ती कशी गेली हाच येथला इतिहास.

सतराव्या शतकापूर्वी हा सारा प्रदेश हिवाळ्यात पाण्याखाली जाई. बेटांसारख्या उंचवट्यांवर मठ आणि गावे होती. त्यांपैकी सर्वांत मोठे बेट ईली. तेथे 'ईल' म्हणजे वाम मासा विपुल मिळे, म्हणून हे नाव पडले, असे बीडने आठव्या शतकात लिहून ठेवले आहे. नॉर्मन राजा विल्यम याला सारे इंग्लंड शरण गेले, तरी ईलीच्या बेटावर हेरवर्ड नावाच्या सॅक्सन सरदाराने १०७०-७१ मध्ये त्याला दाद दिली नाही. पाण्याने वेढलेली जागा म्हणजे या प्रदेशाचा जलदुर्गच होय. १०८६ च्या 'डूम्स्डे' पाहणीत, म्हणजे त्या काळच्या जमाबंदीत, कित्येक ठिकाणचा वसूल वाम माशांच्या संख्येत नोंदला आहे. ज्या भूमीला पुढे निरुपयोगी ठरवण्यात आले, तिच्याकडून सरकार आणि मठ शतकानुशतके सारा घेत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

फेनमधील सामान्य माणसाचे जीवन पाण्याच्या चढउताराशी बांधलेले होते. हिवाळ्यात तो मासे आणि पाणपक्षी धरी, बोरू आणि लव्हाळे कापून छपरे शाकारी. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गवतावर सामाईक गुरे चारी आणि जळणासाठी पीटचे तुकडे खणून वाळवी. तो होडीतून फिरे, चिखलातून उंच काठ्यांच्या घोड्यांवर चाले आणि पाणी गोठले की जनावरांच्या हाडांचे तळवे बांधून त्यावरून घसरत जाई. हे जीवन सुखाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. हिवतापाने हा प्रदेश पोखरला होता, आणि त्याच्या कळांवर खसखशीच्या बोंडांचा काढा आणि अफू हाच तेथला घरगुती उपाय होता. तथापि गरिबाला मालकीची जमीन नसतानाही पोट भरता येई. तो हक्क कागदावर क्वचितच होता. होता तो वहिवाटीत.

बाहेरून येणाऱ्यांना हे दिसले नाही. त्यांच्या लेखी ही सारी पडीक जमीन. १५३९ च्या सुमारास मठ बरखास्त झाले आणि त्यांच्याबरोबर बांध-नाल्यांची जुनी व्यवस्थाही ढिली पडली. १६०० साली पार्लमेंटाने दलदली कोरड्या करण्याविषयी कायदा केला. १६३० मध्ये बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल याने दक्षिण फेनमधील सुमारे तीन लाख एकर भूमीचे पाणी सहा वर्षांत काढून देण्याचा करार केला. मोबदला म्हणून ९५,००० एकर जमीन ठरली. त्यातील १२,००० एकर राजाला द्यावयाची आणि ४०,००० एकरांचे उत्पन्न बांधकामाच्या देखभालीसाठी राखावयाचे होते. पुढे अर्लला १३ भागीदार मिळाले. भांडवल धोक्यात घालणारे म्हणून त्यांना 'अॅडव्हेंचरर' म्हणत. साहसी प्रवासी या अर्थाने नव्हे, तर साहसी गुंतवणूकदार या अर्थाने. या लोकांना वाटून दिलेल्या जमिनीला आजही 'अॅडव्हेंचरर्स फेन' हे नाव आहे, आणि आमची सायकलवाट तिच्या अंगानेच जाते.

कामाचा सूत्रधार कॉर्नेलियस व्हर्मयडन हा झीलंड प्रांतात जन्मलेला डच तज्ज्ञ होता. त्याची कल्पना सरळ होती, आणि ती सरळ रेषेतच उतरली. ग्रेट ऊझ नदी वळणे घेत घेत हळूहळू जाते म्हणून पाणी तुंबते. तेव्हा वळणे टाळून सरळ नदी खणावी. एरिथपासून डेन्व्हरजवळपर्यंत २१ मैल लांब आणि ७० फूट रुंद असा 'ओल्ड बेडफर्ड रिव्हर' १६३७ मध्ये पुरा झाला. त्या वर्षी काम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळाला. पुढच्याच वर्षी नव्या चौकशीत तो रद्द झाला, कारण उन्हाळ्यात जमीन कोरडी राहिली तरी हिवाळ्यात ती पुन्हा बुडत होती. काम पुरे झाल्याचा दाखला आधी आणि पाहणी नंतर, हा प्रकार आपल्याच कचेऱ्यांत चालतो अशी आमची समजूत होती. ती दूर झाली.

स्थानिक लोक स्वस्थ बसले नव्हते. रात्री जमून त्यांनी बांध फोडले, चर बुजवले. १६३८ च्या जूनमध्ये लिटलपोर्टजवळ फुटबॉलच्या सामन्याच्या निमित्ताने माणसे गोळा झाली, आणि खेळाचा खरा हेतू नवे चर बुजवणे हा होता. या सामाईक हक्कदारांची बाजू घेणाऱ्यांत हंटिंग्डनचा एक जमीनदार होता. त्याचे नाव ऑलिव्हर क्रॉम्वेल. विरोधक त्याला उपहासाने 'फेनांचा स्वामी' म्हणत. पुढे यादवी युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला आणि सत्ता क्रॉम्वेलच्या पक्षाकडे आली. १६४९ मध्ये त्याच पक्षाच्या पार्लमेंटाने फेनचे पाणी काढण्याचा नवा कायदा केला. जुन्या कालव्याला समांतर, १०० फूट रुंदीचा दुसरा कालवा खणण्यात आला. डनबारच्या लढाईत १६५० मध्ये पकडलेले स्कॉटिश कैदी आणि त्यानंतर डच युद्धकैदी या कामावर राबले. समुद्राची भरती नदीतून वर चढू नये म्हणून डेन्व्हर येथे १६५१ मध्ये दारे बसवण्यात आली. स्वाफम आणि बॉटिशम येथील लोकांनी १६५३ मध्ये पुन्हा दंगा केला, तेव्हा तो मोडण्यासाठी फौजेची तुकडी देऊ करणारा माणूस क्रॉम्वेलच होता. बॉटिशम म्हणजे ज्या गावातून आम्ही सकाळी पॅडल मारीत निघालो तेच. विरोधी पक्षात असताना दिसलेला वहिवाटीचा हक्क खुर्चीवरून दिसेनासा होतो. त्यात क्रॉम्वेलचाच काय तो दोष नाही. खुर्चीवर बसलेल्या आम्हां सर्वांना तो अनुभव आहे.

या सरळ कालव्याचा एक गमतीचा उपयोग पुढे झाला. १८३८ मध्ये सॅम्युअल रोबॉटम नावाच्या गृहस्थाने ओल्ड बेडफर्डच्या सहा मैलांच्या सरळ पात्रावर दुर्बीण लावून पृथ्वी सपाट असल्याचे 'सिद्ध' केले. १८७० मध्ये त्याच्या एका अनुयायाने, जॉन हॅम्डनने, यावर ५०० पौंडांची पैज लावली. ती घेतली आल्फ्रेड रसेल वॉलेस या विख्यात निसर्गशास्त्रज्ञाने. वॉलेसने तरुणपणी भूमापनाचे काम केले होते. त्याने तेथेच खुणा उभ्या करून पृथ्वीची वक्रता दाखवून दिली आणि पंचाने निकाल त्याच्या बाजूने दिला. परंतु हॅम्डनने तो कधीच मान्य केला नाही, आणि त्याची बदनामी व कज्जेदलाली वॉलेसला पुढे कित्येक वर्षे भोवली. सपाट भूमी पाहणाऱ्याला किती चकवते याचे हे एक उदाहरण झाले. दुसरे उदाहरण याहून फार महाग पडले.

व्हर्मयडनने पाण्याचा हिशेब केला होता, मातीचा केला नव्हता. पीट म्हणजे पाण्याने फुगलेला स्पंज. पाणी काढले की तो दबतो. हवा लागली की त्यातील अर्धवट कुजलेला अंश पुरता जळून जातो. आणि वरचा कोरडा थर वसंतातल्या वाऱ्याबरोबर धुळीच्या लोटांनी उडतो. जमीन जितकी चांगली कोरडी करावी तितकी ती खाली जाते. काही दशकांतच शेते ज्या नाल्यांत पाणी सोडत त्यांच्याहून खाली गेली. मग पाणी उचलण्यासाठी पवनचक्क्या आल्या. १७१३ मध्ये डेन्व्हरची दारे पाण्याच्या माऱ्याने फुटली आणि ती पुन्हा उभी राहावयास १७५० साल उजाडले. पवनचक्क्या अपुऱ्या पडल्या तेव्हा वाफेची यंत्रे आली. स्ट्रेटम येथे १८३१ मध्ये बसवलेले यंत्र आजही जपून ठेवले आहे. त्यानंतर डिझेल, त्यानंतर वीज. प्रत्येक नव्या यंत्राने पाणी अधिक खोलवर ओढले, त्यामुळे जमीन अधिक खचली आणि पुढचे यंत्र अधिक शक्तीचे लागले.

या व्यवहाराची मोजपट्टी होम फेन या ठिकाणी उभी आहे. त्याजवळ व्हिटल्सी मियर नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ॲपोल्डचा केंद्रोत्सारी पंप गाजला. त्याच वर्षी तशा पंपाने हे सरोवर उपसून टाकण्यात आले. तळाच्या चिखलात रॅम्झीच्या मठाचे चांदीचे धूपपात्र सापडले. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. खचणे किती होईल याची कल्पना असलेल्या एका शहाण्या जमीनदाराने तेथे एक खांब खालच्या चिकणमातीपर्यंत रोवला आणि त्याचा माथा जमिनीशी बरोबर केला. पुढे त्याच्या जागी लोखंडी खांब आला. आज त्या खांबाचा माथा जमिनीपासून सुमारे १३ फूट वर आहे. भाच्याने आम्हांला मुद्दाम तेथे नेले तेव्हा आम्ही त्याच्या पायथ्याशी उभे राहून टोपी सावरीत वर पाहिले. ज्या पातळीवर १७५ वर्षांपूर्वी माणसे चालत होती ती आमच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. ब्रिटनमधील सर्वांत सखल भूमी तीच, समुद्रसपाटीखाली सुमारे नऊ फूट.

निसर्गाने परत फेड मागितलीच नाही असे नव्हे. १९४७ च्या मार्चमध्ये साठलेले बर्फ एकाएकी वितळले, त्यात वादळ आले, बांध फुटले आणि हजारो एकर भूमी पुन्हा दलदलीसारखी दिसू लागली. भगदाडे बुजवण्यास लष्कर बोलवावे लागले. त्यानंतर वरच्या नद्यांचे पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारा कालवा १९६४ पर्यंत खणण्यात आला. अशा कालव्याची शिफारस व्हर्मयडननेच १६४२ मध्ये छापलेल्या आपल्या निवेदनात केली होती. तीनशे वर्षे ती शिफारस कागदावर राहिली. तेव्हा त्या माणसाला सर्वस्वी दोष देणे न्याय्य होणार नाही. शिवाय या काळ्या जमिनीने इंग्लंडला पोसले आहे. पहिल्या प्रतीच्या शेतजमिनीपैकी जवळपास निम्मी या प्रदेशात आहे. गहू, बटाटे, बीट, गाजरे या भूमीतून निघतात, आणि दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली तेव्हा पुन्हा रानटी झालेला अॅडव्हेंचरर्स फेन घाईने नांगराखाली आणण्यात आला. उपाशी देशाने वेगळे काय करावे?

येथे आम्हांला आपल्याकडची खाजणे आठवली. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांच्या काठांवर भरतीच्या पाण्याखालची जमीन शतकानुशतके लागवडीस आणलेली आहे. तेथे माती, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध असतात, आणि बांधात 'मानस' नावाचे लाकडी दार. ओहोटीला आतले पाणी त्या दाराला ढकलून बाहेर जाते, भरतीला बाहेरचेच पाणी त्याला मिटून टाकते. डेन्व्हरच्या दारामागचे तत्त्व हेच. परंतु खाजणात भाताबरोबर मासा आणि मीठही राहिले. पाणी साफ हाकलून देण्याऐवजी त्याच्याशी वाटणी करण्यात आली. बांध गावकारी राखत असे. तिच्या चालीरीतींची नोंद पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत करून ठेवली, कारण त्यांना वसूल हवा होता. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. कित्येक ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही आणि खारे पाणी आत आले. कुळाला न्याय मिळणे आवश्यकच होते. पण जमिनीचा मालक कोण हे ठरवताना बांधाचा राखणदार कोण हे ठरवण्याचे राहून गेले. रायगडच्या खारेपाटातील वाचकांना यावर अधिक सांगता येईल.

आता एक कबुली. आमच्या नोकरीच्या आरंभी आम्ही उत्तर बिहारमध्ये होतो. तेथे पावसाळ्यात पाणी साठून राहणाऱ्या सखल भागाला 'चौर' म्हणतात. सरकारी दप्तरात अशी जमीन 'गैरमजरुआ', म्हणजे लागवड न झालेली, या सदरात असे. आपल्याकडच्या सातबारावरचा 'पोटखराब' हा शब्द ऐकत वाढलेल्या आम्हांला तो अर्थ लगेच उमगला, आणि तेथेच घात झाला. एका चौराचे पाणी चर खणून काढावे की कसे, याविषयी आमचे मत मागवण्यात आले. आम्ही जेठ महिन्यात जाऊन पाहिले. भेगाळलेली जमीन, थोडे गवत, चार म्हशी. एक म्हातारा मल्लाह आमच्या जीपजवळ उभा होता. तो म्हणाला, "हुजूर जेठ में आये हैं. भादों में आते तो देखते." आम्ही मान हलवली आणि टिपणात लिहिले की सदर जमिनीपासून सध्या काहीही उत्पन्न नाही. आमच्या मागे चर खणला गेला. दोन वर्षे गहू आला, तो ज्यांच्या नावे जमीन झाली त्यांना. तिसऱ्या पुरात चर गाळाने भरला. मासे, मखाना आणि शिंगाडा यांवर जगणारी वीस-पंचवीस घरे तोपर्यंत पंजाबकडे मजुरीस गेली होती. हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी, आमच्या जागी गेलेल्या एका सहकाऱ्याकडून कळले. कोणी लबाडी केली नव्हती. टिपणातला प्रत्येक शब्द त्या दिवसापुरता खरा होता. परंतु त्याखाली सही आमची आहे.

म्हणून त्या दिवशी दुपारी आम्ही विकन फेनला पोहोचलो तेव्हा जे पाहिले ते आम्हांला केवळ प्रेक्षणीय वाटले नाही. बर्वेल लोडवरच्या पुलावर सायकल हाताने चढवावी लागली; भाचा पुढे, आम्ही धापा टाकीत मागे. पलीकडे शेते संपली आणि बोरूचे रान सुरू झाले. १८९९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने येथील दोन एकर दलदल दहा पौंडांना विकत घेतली. त्या दोन एकरांपासून हे राखीव क्षेत्र वाढले. चहूकडची शेते खचत गेली आणि न उपसलेली ही भूमी आपल्या मूळ उंचीच्या जवळ राहिली, त्यामुळे दलदल आता भोवतालच्या शेतीपेक्षा उंचावर आहे आणि तिच्यातील पाणी झिरपून खाली पळते. तेथे एक छोटी लाकडी पवनचक्की आहे. अॅडव्हेंचरर्स फेनमधील पाणी उपसून बाहेर टाकण्यासाठी ती बांधली होती. १९५६ मध्ये ती येथे आणून पुन्हा उभी केली. आज तिचे काम नेमके उलटे आहे: ती पाणी उचलून दलदलीत आणून सोडते.

१९९९ मध्ये ट्रस्टने शंभर वर्षांची एक योजना जाहीर केली. विकनपासून केंब्रिजच्या दिशेने सुमारे ५३ चौरस किलोमीटर भूमी हळूहळू पुन्हा ओली करावयाची. आमची सायकलवाट आणि तिच्यावरचे काही पूल हे या योजनेचेच अंग. तिला शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि तो आम्हांला समजण्यासारखा वाटला. तुमच्या पूर्वजांनी ही जमीन कोरडी करा म्हणून सांगितले, आम्ही ती केली, पिढ्यान्‌पिढ्या कसली. आता तुम्हीच म्हणता ती ओली करा. १६३८ मध्ये फुटबॉल खेळण्यास जमलेल्यांचे म्हणणे याहून फार निराळे नव्हते. दुसऱ्या बाजूने असेही आहे की नांगरलेले पीट दर वर्षी एक-दोन सेंटिमीटर कमी होत आहे, त्यातील कार्बन हवेत जात आहे, आणि पुष्कळ ठिकाणी खालची चिकणमाती आताच नांगराला लागू लागली आहे. ती जमीन राखावयाची तर पाण्याची पातळी वर आणावीच लागेल. दोघांचेही खरे आहे. फरक एवढाच, की या वेळी योजनेला मुदत सहा वर्षांची नाही, शंभर वर्षांची आहे. आणि जमीन हुकमाने घेतली जात नाही, विकावयास आली तर विकत घेतली जाते. व्हर्मयडनला एवढा अवधी कोणी दिला नव्हता. आम्ही त्या चौराला एक दिवस दिला होता.

परतताना सायंकाळ झाली होती. तेथला जूनमधला दिवस रात्री नऊपर्यंत रेंगाळतो. उत्तरेकडे ईलीच्या कॅथीड्रलचा बुरूज दिसत होता. सपाट भूमीवर तो इतक्या दुरून दिसतो की लोक त्याला फेनभूमीचे जहाज म्हणतात. बांधावर सायकल उभी करून आम्ही बराच वेळ दोन्ही बाजूंना पाहिले: एका बाजूला बोरूचे रान, दुसऱ्या बाजूला खाली गेलेला गहू, आणि मध्ये ही कोणाच्याही मोटारीच्या कामाची नसलेली वाट. भाचा म्हणाला, "मामा, सांगितलं होतं ना, बघण्यासारखं काही नाही म्हणून."

आम्ही त्याला काही बोललो नाही. नव्या जागी नुकतेच रुजू झालेले आमचे जे तरुण वाचक असतील त्यांना मात्र एक सांगावेसे वाटते. रकाना भरण्यापूर्वी त्या जमिनीवर एकदा जेठात जा आणि एकदा भादव्यात जा. जीप गावात सोडा. सायकल मिळाली तर फारच चांगले.